रेस्क्यू डिस्कची छोटीशी बखर

फ्लॉपी म्हटलं की आता लोकांना 'सेव्ह'च्या बटणावरचं ते चौकोनी चित्र आठवतं. म्हणजे फ्लॉपी ही फायली साठवायची वस्तू, असा आपला पक्का समज. पण मंडळी, फ्लॉपीचा जन्म फायली साठवायला झालेलाच नाही. आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन शुगार्ट यांच्या देखरेखीखाली ती तयार झाली ती सिस्टिम/३७० या अवाढव्य मशीनमध्ये वीज आल्याबरोबर मायक्रोकोड भरायला. १९७१ साली बाहेर पडलेली ही ८ इंची चकती, सुमारे ८० किलोबाइटची, आणि ग्राहकाकडे फक्त वाचता येणारी. लिहायची सोयच नाही! थोडक्यात काय, तर फ्लॉपी आधी बूट डिस्क होती, सामान ठेवायची डबी ती नंतर झाली.

आजची बखर या बूट डिस्कच्या थोरल्या नातेवाइकाची आहे. मशीन मेलंय, आत सगळं अडकलंय, आणि बाहेरून एक चकती (किंवा पेनड्राइव्ह) घालून ते जागं करायचं, ती रेस्क्यू डिस्क. ही गोष्ट सांगायचं कारण असं, की बॅकअप घेणारे लोक मला खूप भेटतात, पण "तो परत कसा आणणार?" असं विचारलं की बहुतेक जण "आहे की तो पेनड्राइव्ह कपाटात" म्हणून विषय संपवतात. तो कपाटातला पेनड्राइव्ह ऐन वेळी का चालत नाही, याला चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. आणि तो इतिहास, खरं सांगायचं तर, एका दाराचा इतिहास आहे.

सुरुवातीची पंचाईत

कॉम्प्युटर सुरू करणं ही मुळातच विचित्र भानगड आहे. प्रोग्राम मेमरीत आणायला प्रोग्राम लागतो. मग पहिला प्रोग्राम कोण आणणार? स्वतःच्याच बुटाची पट्टी धरून स्वतःला वर उचलायचं, अशी ही कसरत. म्हणून तिला 'बूटस्ट्रॅप' म्हणायला लागले आणि त्याचंच पुढे नुसतं 'बूट' झालं. १९५२ च्या आयबीएम ७०१ वर यासाठी एक 'लोड'चं बटण होतं. ते दाबलं की मशीन पत्त्यावरून, टेपवरून किंवा ड्रमवरून पहिला शब्द उचलायचं आणि मग पुढचं पुढे. १९७५ च्या अल्टेअर ८८०० ला तर तेही सुख नव्हतं. पुढच्या पाटीवरच्या खिट्ट्या वर-खाली करून एकेक बाइट हाताने भरायचा. एक खिट्टी चुकली की पहिल्यापासून!

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी आला, आणि त्याच्या रॉममधल्या बायोसने हा प्रश्न फार साध्या पद्धतीने सोडवला. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी आहे का? असली तर तिचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत आण आणि त्यात जे काही लिहिलंय ते निमूटपणे कर. बास. तू कोण, कुठला, कोणी पाठवलं, असले प्रश्न नाहीत. सुरुवातीच्या पीसीला हार्ड डिस्कच नसल्यामुळे जी घातलीत ती फ्लॉपी हीच त्या वेळची ऑपरेटिंग सिस्टिम.

१९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क, आणि सोबत डॉस २.०. आता डिस्कच्या पहिल्याच सेक्टरवर 'मास्टर बूट रेकॉर्ड' बसला. त्याचा हिशोब बघण्यासारखा आहे. ४४६ बाइटचा कोड, १६-१६ बाइटच्या चार नोंदी म्हणजे ६४ बाइटचं पार्टिशन टेबल, आणि शेवटी २ बाइटची ठरलेली खूण. ४४६ अधिक ६४ अधिक २, झाले ५१२. अख्ख्या डिस्कची किल्ली एवढ्याशा जागेत. हा सेक्टर खराब झाला की आतला डेटा जागच्या जागी असूनही मशीनच्या लेखी डिस्क रिकामी.

पण एक गोष्ट बदलली नव्हती. बायोस आधी 'ए' ड्राइव्ह बघायचा, मग 'सी'. त्यामुळे हार्ड डिस्क कितीही बिघडली तरी फ्लॉपी घालून आत शिरता यायचं. फॉरमॅट, एफडिस्क, सिस आणि चेकडिस्क एवढी हत्यारं असलेली एक फ्लॉपी खिशात असली, की दुरुस्तीवाल्याचा संसार झाला. रेस्क्यू डिस्कचं सुवर्णयुग म्हणायचं तर हेच. दार सताड उघडं होतं.

लाहोरचे दोन भाऊ, पुण्याचे दोन भाऊ

सताड उघड्या दारातून जसा वैद्य आत येतो तसा चोरही येतो. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसून जगभर फिरला. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःची नावं आणि पत्तासुद्धा टाकला होता.

इथली मेख समजून घ्या, कारण पुढे तीच कामाला येणार आहे. फ्लॉपी 'बूटेबल' नसली तरी तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये थोडासा कोड असतोच. "ही सिस्टिम डिस्क नाही, बदला आणि कुठलीही कळ दाबा" हा संदेश दाखवणारा तोच तो कोड! म्हणजे कोणाची तरी साधी फायलींची फ्लॉपी चुकून ड्राइव्हमध्ये राहिली, सकाळी मशीन चालू केलं, की संदेश दिसेपर्यंत व्हायरस मेमरीत जाऊन बसलेला. तुम्ही फ्लॉपी काढून कळ दाबली की तो हार्ड डिस्कवर. मग 'स्टोन्ड' आला, 'मायकेलँजेलो' आला. ६ मार्च १९९२ ला मायकेलँजेलो जगातल्या लाखो डिस्कांचे पहिले सेक्टर पुसणार अशी भयंकर हवा झाली होती. प्रत्यक्षात त्या मानाने फारच थोडी मशीनं गेली, पण त्या धास्तीने एक नियम मात्र सगळ्यांना शिकवला. रेस्क्यू फ्लॉपी स्वच्छ मशीनवर, आधीच करून ठेवायची, आणि तिची ती छोटी प्लॅस्टिकची खिट्टी सरकवून लिहिणं बंद करायचं. आजारी मशीनवर बनवलेली रेस्क्यू डिस्क म्हणजे रोग्याच्याच ताटात वाढलेलं औषध.

आपल्याकडे याच काळात पुण्यात दुसरे दोन भाऊ कामाला लागले होते. मूळचे रहिमतपूरचे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरच्या दुरुस्तीकडे वळले. १९९३ मध्ये त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस काढली. धाकटे भाऊ संजय काटकर यांनी व्हायरस काढायचे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' उभं राहिलं. दुरुस्तीच्या दुकानातून अँटिव्हायरस कंपनी निघावी हे अगदी स्वाभाविक होतं. कारण व्हायरस आणि दुरुस्तीवाला एकाच दाराने ये-जा करत होते. क्विक हीलच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये 'इमर्जन्सी डिस्क' बनवायची सोय आली ती याच परंपरेतली.

मग बायोसवाल्यांनी दाराला पहिलं कुलूप लावलं. 'आधी सी, मग ए' असा क्रम ठरवायची सोय आली, आणि 'व्हायरस वॉर्निंग' नावाचा एक पहारेकरी आला, जो बूट सेक्टरवर कोणी लिहायला लागलं की ओरडायचा. छानच. फक्त ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकताना हाच पहारेकरी आडवा यायचा, आणि क्रम 'आधी सी' केलेल्या मशीनमध्ये रेस्क्यू फ्लॉपी घातली तरी मशीन तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. बघा, कुलूप आलं आणि लगेच वैद्य बाहेर राहिला. हा प्रकार लक्षात ठेवा.

आणि २६ एप्रिल १९९९ ला तर कहर झाला. तैवानच्या चेन इंग-हाऊने लिहिलेल्या 'सीआयएच' व्हायरसने डिस्कची सुरुवात पुसलीच, शिवाय जमेल तिथे मदरबोर्डवरचा फ्लॅश बायोससुद्धा पुसला. आता रेस्क्यू फ्लॉपी घालून उपयोग काय? ती वाचणाराच गेला. चोराने दाराची चौकटच उखडून नेली होती. अशा मशीनला बायोसची चिप बदलणं किंवा दुसऱ्या मशीनवर ती पुन्हा लिहून घेणं एवढाच उपाय होता.

गोऱ्ह्याच्या नावाची सीडी

फ्लॉपीची दुसरी अडचण म्हणजे जागा. १.४४ मेगाबाइटमध्ये किती माल मावणार? टॉम ओह्सर यांच्या 'टॉम्सआरटीबीटी' या लिनक्स फ्लॉपीने यावर अफलातून युक्ती केली. साध्या फ्लॉपीवर ८० ट्रॅक आणि प्रत्येकावर १८ सेक्टर असतात. यांनी ८२ ट्रॅक आणि २१ सेक्टर मारून तीच फ्लॉपी १७२२ किलोबाइटची केली. त्यात अख्खं छोटं लिनक्स, एडिटर, डिस्क दुरुस्तीची हत्यारं, सगळं. पण कडेचे ते जास्तीचे ट्रॅक सगळ्याच ड्राइव्हांना धड वाचता यायचे नाहीत. त्यातून आपला पावसाळा. फ्लॉपीला बुरशी धरली की १.४४ सुद्धा वाचेना, १.७२ तर सोडाच.

सीडी होती, ६५०-७०० मेगाबाइटची. पण बायोसला सीडीवरून बूट कसं करायचं ते ठाऊकच नव्हतं. जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी मिळून त्याचा एक आराखडा काढला. त्याचं नाव 'एल तोरितो'. हे कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमधल्या एका मेक्सिकन हॉटेलचं नाव, जिथे बसून इंजिनियरांनी याचा विचार केला. स्पॅनिशमध्ये अर्थ छोटा बैल, म्हणजे आपला गोऱ्हा :-)

यातली युक्ती मजेशीर होती. सीडीवर फ्लॉपीची हुबेहूब प्रतिमा ठेवायची आणि बायोसने साळसूदपणे "ही 'ए' ड्राइव्ह आहे" असं ढोंग करायचं. जुन्या दाराला नवं गिऱ्हाईक जुन्याच वेषात पाठवायचं. पण आराखडा कागदावर उत्तम असला तरी प्रत्येक बायोसवाल्याने तो आपापल्या परीने वाचला. काही बायोसना फ्लॉपीचं ढोंग जमायचं पण थेट पद्धत जमायची नाही, काहींचं उलट. म्हणून विंडोज २००० साठी चार आणि एक्सपीसाठी सहा फ्लॉप्यांचा संच मायक्रोसॉफ्टला ठेवावाच लागला. ज्यांचं मशीन सीडीवरून उठत नाही त्यांनी सहा फ्लॉप्या एकामागून एक घालायच्या, आणि पाचवी खराब निघाली की देवाचं नाव घ्यायचं.

विंडोज ९८ ची स्टार्टअप डिस्क आठवणारे वाचक इथे हसतील. तिच्यात सीडी ड्राइव्हचे सर्वसाधारण ड्रायव्हर होते, म्हणजे मोठीच प्रगती. पण ती हत्यारं उघडायला मेमरीत एक तात्पुरता ड्राइव्ह बनवायची. त्यामुळे सीडीचं अक्षर एकाने पुढे सरकायचं. रोजची 'डी' त्या दिवशी 'ई' झालेली असायची, आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर "ड्राइव्ह तयार नाही" वाचून लोक सीडी ड्राइव्हच बिघडला असं समजायचे. मग थेट लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्ली.

याच सुमारास न्यूझीलंडमध्ये मरे हॅझर्ड यांनी 'घोस्ट' लिहिलं आणि १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतलं. अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढायची आणि हवी तेव्हा परत उतरवायची. बॅकअप आणि रेस्क्यू डिस्क यांची गाठ इथे पक्की बांधली गेली. प्रतिमा कितीही चांगली असली तरी ती उतरवायला बाहेरून बूट व्हावंच लागतं, कारण ज्या फांदीवर बसलात तीच फांदी तोडता येत नाही. म्हणजे बॅकअपची किंमत शेवटी त्या बूट डिस्कवर येऊन ठेपली.

मशीन ओळखणारी डिस्क

३० सप्टेंबर २००० ला जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी 'क्नॉपिक्स' बाहेर काढलं आणि रेस्क्यू डिस्कचं स्वरूपच पालटलं. डेबियन लिनक्स, दाबून बसवलेलं, त्यामुळे ७०० मेगाबाइटच्या सीडीवर जवळपास २ गिगाबाइटचा माल. आणि मुख्य म्हणजे ती सीडी मशीन स्वतःहून ओळखायची. ग्राफिक्स कार्ड कोणतं, नेटवर्क कार्ड कोणतं, विचारणं नाही. हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण डेस्कटॉप हजर. डिस्कचे आयकॉन समोर, आणि ते मुद्दाम फक्त वाचण्यापुरते जोडलेले. घाईत कोणी काही मोडू नये म्हणून.

आपल्याकडे तेव्हा डायल-अप. ५६ केबीपीएसचा मोडेम अगदी पूर्ण वेगाने चालला तरी सेकंदाला ७ किलोबाइट. ७०० मेगाबाइट उतरवायला सलग २८ तास, तेही फोन न कापता. त्यामुळे पीसीक्वेस्ट आणि नंतर लिनक्स फॉर यू या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी हाच आपला डाउनलोड. त्या सीडीवरून मित्राला प्रत करून देताना एक ठरलेला घोळ व्हायचा. आयएसओ फाइल सीडीवर 'प्रतिमा' म्हणून लिहायच्या ऐवजी नुसती फाइल म्हणून टाकायची. मग सीडी उघडली की आत एकच फाइल, आणि मशीन बूट व्हायचं नावच काढत नाही. आजही पेनड्राइव्हवर आयएसओ नुसती ओढून टाकणारे लोक आहेत. वीस वर्षांत माध्यम बदललं, घोळ तोच.

क्नॉपिक्सनंतर असल्या डिस्कांचं पीकच आलं. सिस्टिमरेस्क्यू, तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातून आलेलं क्लोनझिला, मरायला टेकलेल्या डिस्कवरून मिळेल तेवढं ओरबाडून घेणारं डीडीरेस्क्यू, हरवलेली पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्क. विंडोजच्या बाजूला बार्ट लागरवाय यांचं बार्टपीई. पण आत शिरूनही एक भिंत उरली होती, ती म्हणजे एनटीएफएस. विंडोज ९८ ची डिस्क एनटीएफएसची पार्टिशन बघूच शकायची नाही, आणि लिनक्सला वाचता यायचं पण लिहिणं धोक्याचं. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी ची पक्की आवृत्ती आल्यावर कुठे लिनक्सच्या सीडीवरून विंडोजच्या डिस्कवर निर्धास्त लिहिता येऊ लागलं.

इथे जरा थांबून बघितलं तर रेस्क्यू डिस्क अडते ती तीनच जागी. एक, मशीन तिला दारातच उभं करत नाही. दोन, ती आत येते पण तिला डिस्क दिसत नाही. तीन, डिस्क दिसते पण ती उघडता येत नाही. दिंडी दरवाजा, माजघर आणि तिजोरी. प्रत्येक पिढीत या तीन ठिकाणची कुलपं बदलली, पण जागा त्याच राहिल्या.

पेनड्राइव्ह आणि नवं कुलूप

पेनड्राइव्ह २००० च्या सुमारास बाजारात आला, पण बायोसच्या यादीत त्याच्यासाठी धड शब्दच नव्हता. म्हणून तिथे 'यूएसबी-एफडीडी', 'यूएसबी-झिप', 'यूएसबी-एचडीडी' असे पर्याय असायचे. म्हणजे हा पेनड्राइव्ह आहे असं कोणी म्हणणार नाही. ही फ्लॉपी समजू, की झिप डिस्क समजू, की हार्ड डिस्क समजू, ते तुम्ही सांगा! पुन्हा तेच, नव्या गिऱ्हाइकाला जुना वेष. एका मशीनवर चालणारा पेनड्राइव्ह शेजारच्या मशीनवर न चालण्याचं निम्मं कारण हे सोंग. हान्स पीटर अँव्हिन यांच्या सिसलिनक्स परिवाराने पुढे 'आयसोहायब्रिड' पद्धत आणली, ज्यात एकाच आयएसओच्या डोक्यावर सीडीची आणि हार्ड डिस्कची अशा दोन्ही खुणा असतात. मग यूनेटबूटिन, २०११ मध्ये रुफस, २०२० मध्ये व्हेंटॉय आलं आणि काम खूपच सोपं झालं.

तोवर बायोसच निवृत्तीला आला होता. इंटेलने आयटेनियमसाठी सुरू केलेलं ईएफआय २००५ मध्ये एका सामायिक संघटनेकडे गेलं आणि यूईएफआय झालं. आता ५१२ बाइटचा तो आंधळा कारभार संपला. यूईएफआय फॅट पार्टिशन वाचतं, त्यातल्या 'ईएफआय' फोल्डरमधल्या 'बूट' फोल्डरमधली ठरलेल्या नावाची फाइल शोधतं आणि ती चालवतं. सुटसुटीत. पण फॅट३२ वर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे विंडोजची मोठी प्रतिमा किंवा तुमच्या बॅकअपची अखंड फाइल त्या पेनड्राइव्हवर बसेना. शिवाय जुन्या पद्धतीने बूट केलेल्या डिस्कने नव्या पद्धतीच्या मशीनचा बूटलोडर दुरुस्त करायला जावं, तर ती भलत्याच जागी भलताच बसवते. दुरुस्ती 'यशस्वी' आणि मशीन तसंच मेलेलं.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं. ब्रेनपासून जो प्रश्न लोंबकळत होता, "तू कोण?", तो अखेर दारावर विचारला जाऊ लागला. सही असेल तरच आत. सही कोणाची? बहुतेक मशीनमध्ये मायक्रोसॉफ्टची. लिनक्सवाल्यांची पंचाईत झाली. मॅथ्यू गॅरेट यांनी मग 'शिम' नावाचा मायक्रोसॉफ्टकडून सही मिळवलेला छोटा दुवा लिहिला, ज्याच्या ओळखीने पुढचे लोक आत शिरू लागले. विंडोज ८ ने आणखी एक गंमत केली. 'फास्ट स्टार्टअप'मुळे मशीन बंद केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. तेव्हा लिनक्सच्या डिस्कवरून विंडोजचं पार्टिशन फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही.

आणि सहीच्या राज्यात एक नवीनच धोका तयार झाला. पूर्वी रेस्क्यू डिस्क जुनी व्हायची ती नव्या मशीनचे ड्रायव्हर नाहीत म्हणून. आता मशीन तेच, डिस्क तीच, तरी ती एका रात्रीत बाद होऊ शकते. जुलै २०२० मध्ये ग्रब२ या बूटलोडरमध्ये 'बूटहोल' नावाचं भगदाड सापडलं, तेव्हा जुने सही केलेले बूटलोडर रद्द यादीत टाकायची वेळ आली. 'ब्लॅकलोटस' नंतर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने बजावलं की रद्द यादी लागू करण्याआधी आपली बूट माध्यमं नवी करून घ्या, नाहीतर ती उठणार नाहीत. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटने तर विंडोजशेजारी लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांच्या मशीनवर "सुरक्षा धोरणाचा भंग" असा संदेश देऊन दार लावून घेतलं. चोरासाठी लावलेल्या कुलपाची झळ वैद्यालाच, हे व्हायरस वॉर्निंगच्या काळात बघितलं होतं, ते आता जगभर एकदम झालं.

१९ जुलै २०२४

या सगळ्या इतिहासाची एकाच दिवसात परीक्षा झाली ती १९ जुलै २०२४ ला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला विंडोज मशीनांवर जाऊ लागली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीनं निळ्या पडद्यावर जाऊन बसली. तासा-सव्वा तासात फाइल मागे घेतली गेली. पण पडलेली मशीनं पुन्हा पुन्हा बूट होऊन पुन्हा पुन्हा पडत होती. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ते फोटो तुम्हीही पाहिले असतील.

उपाय काय होता? सेफ मोडमध्ये किंवा रेस्क्यू माध्यमाने बूट करा आणि ड्रायव्हरच्या फोल्डरमधली २९१ क्रमांकाची ती एक फाइल पुसा. एवढंच! पाच मिनिटांचं काम. पण प्रत्येक मशीनपाशी माणसाने जाऊन करायचं. मायक्रोसॉफ्टने लगोलग यूएसबीवरून चालणारं साधन काढलं. अन् तिथे तिसरं कुलूप आडवं आलं, ते बिटलॉकरचं. ४८ अंकी रिकव्हरी की असल्याशिवाय डिस्क उघडेना. काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोच सर्व्हर निळा पडलेला. किल्ली घरात, आणि घराला कुलूप. दिवसभर चालणारं काम काही कंपन्यांना कित्येक दिवस पुरलं.

बिटलॉकर वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. लॅपटॉप लोकलमध्ये विसरलात तर ते तुमचं सगळ्यात मोठं संरक्षण. मुद्दा वेगळा आहे. नव्या विंडोज लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप चालू होतं, आणि किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. ते खातं दुकानदाराने मशीन सुरू करून देताना कुठल्या ईमेलवर उघडलं होतं, हे ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर तुमच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो आज दुसऱ्याच्या किल्लीच्या भरवशावर आहेत.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी एक नमुना झाला. विंडोज ११ च्या एका मासिक अपडेटनंतर मशीनच्या पोटातलं रिकव्हरी वातावरण व्यवस्थित सुरू व्हायचं, पण त्यात यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालायचे नाहीत. समोर 'दुरुस्त करा'चं बटण, आणि ते दाबायला हात नाहीत. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तातडीचा अपडेट काढला. यातून एकच कळतं. मशीनच्या आतलं रेस्क्यू आणि बाहेरचं रेस्क्यू, दोन्ही हवीत.

मग करायचं काय?

एका रविवारी तासभर काढा आणि रंगीत तालीम करा. मशीन ठणठणीत असतानाच.

आधी दिंडी दरवाजा. पेनड्राइव्ह नव्याने बनवा, आयएसओचा चेकसम जुळवून. बूट मेनूची कळ कोणती ते शोधा. प्रत्येक कंपनीची वेगळी असते, ती पेनड्राइव्हला चिठ्ठी लावून लिहा. मेनूत तो पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तो निवडा. दिसलाच नाही तर फर्मवेअरमधला 'फास्ट बूट' बंद करून बघा, दुसरा पोर्ट बघा, मग सिक्युअर बूटचा संदेश वाचा. सिक्युअर बूट बंद करायच्या आधी बिटलॉकरची किल्ली हाताशी ठेवा, कारण तो बदल झाला की विंडोज ती मागू शकतं.

मग माजघर. डिस्क दिसतेय का? २०२० नंतरच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर 'व्हीएमडी' नावाची व्यवस्था चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर नसेल तर रेस्क्यू माध्यमाला अख्खी एसएसडीच दिसत नाही. डिस्क मेली असं समजून घाबरू नका. तो ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर टाकून ठेवा. कीबोर्ड, टचपॅड, नेटवर्क चालतंय ना तेही बघा. विंडोज ७ ची डिस्क २०१५ च्या मशीनवर उठायची आणि यूएसबी ३ चा ड्रायव्हर नसल्यामुळे कीबोर्डच चालायचा नाही. तीच जात.

शेवटी तिजोरी. किल्ली कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नाही. आणि बॅकअपमधून एक तरी फाइल, एक फोटो, दुसऱ्या डिस्कवर उतरवून उघडून बघा. बॅकअप 'पूर्ण झाला' असा हिरवा संदेश म्हणजे लिहिणं झालं. वाचता येतंय का ते वाचल्याशिवाय कळत नाही.

हे वर्षातून एकदा, आणि मोठा अपडेट आला की पुन्हा. दसऱ्याला आपण शस्त्रं पुजतो, हल्ली कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावतो. त्याच दिवशी हा पेनड्राइव्ह एकदा लावून बघायला हरकत नाही. झेंडूचं फूल मात्र पोर्टपासून लांब ठेवा :-)

असो. पुढच्या वेळी कोणी "बॅकअप आहे ना?" विचारलं की लगेच "हो" म्हणू नका. आधी विचारा, "शेवटचा परत कधी आणून बघितला होता?"